चाचणीतली पाचवी चिठ्ठी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि आईला तर नाहीच — आईला सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून भालेरावांच्या दारात नेऊन उभं केलं असतं. म्हणूनच सांगितलं नाही. तुमची माझी ओळख नाही, त्यामुळे जीभ जरा सैल सुटते आहे. एरवी मी बोलकी बाई. ऑफिसात मला मागून रेडिओ म्हणायचे, मला माहीत होतं. पण इतकं बोलणाऱ्या माणसानं काय बोलायचं टाळलं, हे कुणी विचारतं का?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या नगर जिल्ह्यातल्या — आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय — एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात मी नोकरीला होते. विभाग म्हणजे तरी काय, काचेची एक गार खोली, दोन मशीनं आणि मी. चपला बाहेर काढून आत यायचं. खुद्द शेतकी साहेबसुद्धा मोजे घालून, पाय आखडत आत यायचे, आणि मला त्याची भारी गंमत वाटायची. श्रीरामपुरात कॉम्प्युटरचा कोर्स केलेली चोवीस वर्षांची मुलगी मी, आणि मोठी मोठी माणसं मला मॅडम म्हणत होती. डोक्यात हवा गेली होती. खोटं कशाला सांगू?

आमच्या प्रोग्रामचं काम एकच, कुणाचा ऊस कधी तोडायचा ते ठरवायचं. ज्याची लागण, म्हणजे उसाची लावणी आधी, त्याची तोड आधी, असा नियम. लवकर तोड मिळाली की रान मोकळं होतं, गहू घेता येतो. उन्हाळ्यापर्यंत ऊस उभा राहिला की वाळतो, हलका होतो, त्याला तुरे येतात. त्यामुळे हंगामात आमच्याकडे दोन माणसं भेटली की 'बरं चाललंय ना' नंतर, 'तोड आली का' आधी. नंबर डावलून कुणाला तोड मिळाली की झालंच — वशिला लागला म्हणून गावभर बोभाटा.

कुणाचा ऊस तोडायचा ते लिहिलेल्या तोडीच्या चिठ्ठ्या निघायच्या, त्यांचं टेबल भालेरावांकडे होतं. गाव पुणतांबा, वय सत्तावन्न, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. माणूस कमी बोलणारा, पण नियमाला असा चिकट की काही विचारू नका. त्यांची थोरली बहीण, आक्का, पुणतांब्यातच दिलेली. तिचा नवरा, म्हणजे भालेरावांचे दाजी, यांचा गोदावरीकाठी दोन एकर ऊस. दोन हंगामांमागं दाजींनी त्यांच्या हातापाया पडून सांगितलं होतं, की एवढ्या वेळेला आमचा नंबर वर घे. भालेरावांनी घेतला नाही. दाजींचा ऊस एप्रिलअखेर तुटला, अर्धा वाळून. तेव्हापासून आक्कानं भावाच्या दारात पाय ठेवला नव्हता. हे मला कारखान्यातल्या दहा जणांनी सांगितलं होतं. भालेरावांनी स्वतः एकदाच, तेही खिडकीबाहेर बघत. "बहीन मोठी हाय बाई, पन नंबर बी मोठा हाय."

आता जावाचं, म्हणजे आमचा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता तिचं, थोडं सांगावं लागेल. कंटाळू नका, लगेच संपवते.

प्रोग्राम सुरू झाला की त्याची म्हणून काही सुरुवातीची कामं असतात. आपण सकाळी उठल्यावर आधी दार उघडतो, बंब पेटवतो, तसं. आमचा प्रोग्राम सुरू होताक्षणी बघायचा, की आजच्या चिठ्ठ्या निघाल्यात का? नसतील तर कुणाला न विचारता शेतकी खात्यातल्या प्रिंटरवर पाठवून द्यायचा. हे मुद्दाम तसं केलेलं होतं, कारण साडेसहाला चिठ्ठ्या घेऊन जीप तोडणीच्या टोळ्यांकडे निघायची आणि तेवढ्या सकाळी मी काही येत नसे. सोय छान होती. पण चाचणी घेतानाही प्रोग्राम सुरूच करावा लागतो ना? आणि चाचणीच्या यादीतल्या चिठ्ठ्या तर कधीच निघालेल्या नसतात, मग चाचणीतही तो इमानेइतबारे त्या काढणार. पुण्याच्या ज्या इंजिनिअरनं हा प्रोग्राम लिहिला, तो माझ्यावर सोपवून जाताना बजावून गेला होता, की सुरुवातीला चार ओळी घाल: चाचणी चालू असेल तर सकाळची कामं करू नकोस. दहा मिनिटांचं काम.

मी घातल्या नाहीत त्या ओळी. का? काही कारण नाही. आज करू, उद्या करू. आणि मला सोपा उपाय सापडला होता — चाचणीआधी उठायचं, शेजारच्या खोलीत जायचं, प्रिंटरचं बटण बंद करायचं. प्रिंटरच बंद, तर चिठ्ठी निघेल कुठून? झालं काम. स्वतःला हुशार समजत होते मी.

आणि गंमत बघा, ज्या माणसानं आयुष्यात कीबोर्डला बोट लावलं नाही, त्या भालेरावांनी मला हे विचारलं होतं. नव्या नियमाची चाचणी घ्यायची होती, त्यासाठी एकतरी खराखुरा प्लॉट हवा होता, ज्याची सगळी माहिती तोंडपाठ असेल. भालेराव म्हणाले, दाजींचाच घ्या, जानेवारीची लागण आहे, नियमानं सगळ्यात शेवटी यायला पाहिजे, तुम्हाला पडताळा घ्यायला सोपं जाईल. गट नंबर, उसाची जात, तारीख, सगळं पाठ. सांगून झाल्यावर उठता उठता विचारलं, "बाई, चाचनीत मशीन चिठ्ठ्या तर न्हाई ना काढायचं?" मी हसले. म्हटलं, छे हो, असं कसं काढेल.

डिसेंबरातली एक दुपार. भालेराव जेवायला गेले होते. मी प्रिंटर बंद केला आणि चाचणीला बसले. यादीत पाच प्लॉट. चार माझे बनवलेले — गट नंबर नऊशे नव्याण्णव आणि शेतकऱ्यांची नावं म्हणून माझ्या चार मावश्यांची नावं. पाचवा दाजींचा. जानेवारीची लागण घातली, दाजी बरोबर शेवटी गेले. आता उलटं बघायचं होतं, म्हणून मी त्यांची तारीख मागं नेली, आदल्या जुलैची केली. दाजी टुणकन पहिल्या नंबरावर. नियम चोख चालत होता. मी खूश. चहा प्यायले आणि संध्याकाळच्या बसनं घरी गेले.

तुम्हाला कळलं असेल एव्हाना. प्रिंटर बंद असला तरी पाठवलेलं काम मशीनमध्ये रांगेत थांबून राहतं. नाहीसं होत नाही. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. कोर्समध्ये शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहून मार्क मिळवले होते. त्या दुपारी डोक्यात आलं नाही, एवढंच.

सकाळी शिपायानं प्रिंटर चालू केला. आधी माझ्या पाच चिठ्ठ्या निघाल्या, मागून त्या दिवसाच्या खऱ्या. त्यानं सगळ्या फाडून जीपमध्ये दिल्या. शिक्का? शिक्का होता ना. भालेरावांची एवढी एकच सवय नियमाबाहेरची, पण जीपचा खोळंबा नको म्हणून ते आदल्या संध्याकाळीच कोऱ्या कागदाच्या अख्ख्या गठ्ठ्यावर शिक्के मारून, सही करून ठेवायचे. सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही.

माझ्या मावश्यांचे प्लॉट कुणाला सापडणार? त्या चार चिठ्ठ्या दुपारी परत आल्या आणि जीपवाल्यानं 'कॉम्प्युटरची चूक' म्हणून, साहेबांना न सांगता, माझ्याच टेबलावर आणून टाकल्या. पाचवी आली नाही. पाचवी घेऊन टोळी पुणतांब्याला पोचली होती. बैलगाड्या दाजींच्या बांधाला लागल्या होत्या, कोयते चालू झाले होते.

चार चिठ्ठ्या हातात धरून मी बसले होते. फोन उचलून सांगायचं होतं, की तोड थांबवा, चिठ्ठी चाचणीची आहे. फोन माझ्या उजव्या हाताला होता. सांगितलं असतं तर काय झालं असतं? साहेब ओरडले असते. काचेच्या खोलीतली मॅडम चार दिवस चेष्टेचा विषय झाली असती. फार तर नोकरी गेली असती, आणि तीही गेली नसती, मशीन दुसऱ्या कुणाला येत होतं? मी चिठ्ठ्या घडी करून डब्याच्या पिशवीत घातल्या. घरी नेऊन बंबात टाकल्या. मावश्यांची नावं जळताना वाचली मी.

थांबा — हे सगळ्यात वाईट नाही. पुढं आहे.

दोन दिवसांत दाजींचा ऊस तुटून गेला. तिसऱ्या दिवशी पुणतांब्याची पंचवीस-तीस माणसं शेतकी खात्याच्या दारात उभी. ज्यांची लागण आधीची ते बसलेत वाट बघत, आणि कुणाचा ऊस तुटला? चिठ्ठीच्या टेबलावरच्या क्लार्कच्या सख्ख्या बहिणीचा. सही त्याची, शिक्का त्याचा. आणखी काय पुरावा पाहिजे? त्यांच्या आडनावावरून, जातीवरून त्या गर्दीत जे बोललं गेलं ते मी इथं सांगत नाही. काचेच्या आत मला ऐकू येत होतं. वीस वर्षं ज्यांचा नंबर भालेरावांनी राखला होता, तेच बोलत होते. भालेराव दारात उभे राहून पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, की मी चिठ्ठी काढली नाही.

गर्दी पांगल्यावर साहेब माझ्याकडं येणार हे मला कळलं होतं. ते यायच्या आत मी काय केलं ऐका. ज्या चार ओळी घालायला मला चार महिन्यांत वेळ झाला नव्हता, त्या मी सहा मिनिटांत घातल्या. चाचणी चालू असेल तर सकाळची कामं करू नकोस. मग मशीनचं घड्याळ एक महिना मागं केलं, फाईल सेव्ह केली, घड्याळ पुन्हा पुढं आणलं. फाईलवर नोव्हेंबरची तारीख पडली. प्रिंटरच्या कामांची नोंद पुसून टाकली. इतकं नीटनेटकं काम मी त्या नोकरीत दुसरं केलेलं नाही.

साहेब आले, मोजे घालूनच. साधा माणूस होता तो. त्यांनी विचारलं, की मशीन आपलं आपण, चुकून, अशी चिठ्ठी काढू शकतं का? मी त्यांना त्या चार ओळी दाखवल्या. तारीख दाखवली. आणि म्हटलं, "साहेब, मशीन सांगितल्याशिवाय काही करत नाही."

वाक्यात एक अक्षर खोटं नाही. बघा तुम्हीच. म्हणूनच तर ते मला इतकं सहज बोलता आलं.

इकडे आक्काच्या घरी वेगळंच. आक्काला वाटलं, भाऊ वरून कडक पण आतून मऊ, शेवटी बहिणीसाठी केलंच त्यानं. दीड वर्षानं ती आणि दाजी कारखान्याच्या कॉलनीत भालेरावांच्या घरी आली, शेंगांची पिशवी घेऊन. मी शेजारच्याच लाईनीत राहणाऱ्या मैत्रिणीकडे होते, दारातून दिसलं. आक्का हसत होती, दाजी भालेरावांच्या पाठीवर हात ठेवून जयभीम घालत होते. अर्ध्या तासानं दोघं बाहेर आली ती तणतणत. भालेरावांनी खरं सांगितलं होतं, की मी केलं नाही. आणि आक्काला ते खोटं वाटलं. तिला वाटलं, बहिणीसाठी एवढं केलं आणि आता नोकरीच्या भीतीनं तिच्या तोंडावर नाकारतो आहे. हे तिनं फाटकाशी थांबून मोठ्यानं बोलूनही दाखवलं. पिशवी दारातच राहिली होती. भालेराव ती आत नेईनात आणि परतही देईनात.

तेव्हा तरी सांगायचं. नाही का? वीस पावलांवर होते मी. मैत्रिणीनं विचारलं, काय झालं गं तिकडं? म्हटलं, घरगुती दिसतंय काहीतरी.

दुसऱ्या दिवशी भालेराव माझ्या खोलीत आले. चपला बाहेर काढून, दार हळूच लावून. त्यांच्या डोळ्यांत संशय असता तर मला बरं वाटलं असतं, खरंच सांगते. संशय नव्हता. पेपर अवघड गेलेल्या पोरासारखा चेहरा होता.

"बाई, येक इचारू का? त्या दिवशी तुमी चाचनी घेतल्ती का दाजींच्या प्लॉटवर?"

मी म्हटलं, "नाही. ती आधीच्या आठवड्यात घेतली होती."

मग स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, "मंग माझ्याच हातून झालं असंल. लई इचार केला, मला आठवत न्हाई. पन मनात हुतं, बाई. आक्काचं मनात हुतं. मनातलं हातात आलं असंल."

असं म्हणाले. आणि माझ्या टेबलावरचा कोरा कागद मागून घेऊन, तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. चिठ्ठीवर शिक्का व सही माझी आहे, तरी झाल्या चुकीची जबाबदारी माझी आहे. पेनसुद्धा माझं घेतलं. लिहून झाल्यावर मला वाचायला दिला, काही चुकलंय का बघा म्हणाले. मी वाचला. 'जबाबदारी'तला काना राहिला होता, तो मी दाखवला, त्यांनी घातला.

साहेबांनी कारवाई टाळली, पण टेबल काढून घेतलं. शेवटचं वर्ष भालेराव गेटवर होते, उसाच्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायला. धुरळ्यात, पाचटात, दिवसभर उभे. मी बसमधून उतरले की गेटवर ते दिसायचे. एक नंबर लिहायचे, गाडी थांबवायचे, पुन्हा मागं जाऊन तोच नंबर वाचून यायचे. मग पुन्हा एकदा. गाडीवाले वैतागायचे, आरडायचे. स्वतःच्या हातावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. तो मी उडवला होता, आणि रोज सकाळी त्यांना नमस्कार करून आत जात होते. तेही हसून नमस्कार करायचे.

माझ्याबद्दल सांगायचं तर मला त्या हंगामात बढती मिळाली. त्या चार ओळींचं साहेबांना फार कौतुक वाटलं होतं. पुढं लग्न होऊन मी पुण्यात गेले, बरीच वर्षं याच क्षेत्रात काढली, हाताखाली मुलं-मुली आल्या. त्यांना मी पहिल्या दिवशी शिकवत असे, की चाचणीत सुरुवातीची कामं बंद ठेवा. का, असं एकदा एकीनं विचारलं. म्हटलं, नाहीतर चुकीचे कागद निघतात.

भालेराव गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. कळलं तेव्हा मी पुण्यातच होते, तीन-चार तासांची वाट होती. मी गेले नाही. रजा नव्हती असं नाही.

एवढं सांगून थांबता आलं असतं. पण त्यांच्या निरोप समारंभाचं राहिलं, आणि ते ठेवून गेले तर हा कबुलीजबाबही माझ्या त्या वाक्यासारखाच होईल — एकही अक्षर खोटं नाही असा.

कारखान्याच्या हॉलमध्ये समारंभ होता. शाल, श्रीफळ, दोन शब्द. साहेबांनी मला मंचावर बसवलं होतं, शेतकी खात्याच्या कॉम्प्युटरच्या मॅडम म्हणून. समोर पहिल्या रांगेत आक्का आणि दाजी. आलेली होती दोघं. भावानं आपल्यापायी टेबल गमावलं अशी आक्काची आता समजूत झाली होती, आणि ती सुरुवातीपासूनच पदर डोळ्यांना लावून बसली होती. भालेराव माईकसमोर उभे राहिले. त्यांना बोलायची सवय नव्हती. खिशातून कागद काढला, पुन्हा ठेवून दिला.

म्हणाले, "तीस वर्सांत माझ्या हातून येकच चूक झाली. कशी झाली ते मला अजून उमगलं न्हाई. पन ज्यांचा नंबर हुकला, त्यांची मी हात जोडून माफी मागतो." आणि जोडले हात, हॉलभर फिरवले, समोरच्यांकडं, मागच्यांकडं, शेवटी वळून मंचाकडं. माझ्याकडंही. मला म्हणाले, "बाई, तुमच्या मशीनला बी माझ्यामुळं बोल लागला."

टाळ्या सुरू झाल्या. सगळा हॉल वाजवत होता. मीही वाजवल्या.